तीन नंबरची चटई

गेल्या दिवाळीत पुण्याला भावाकडे गेले होते. तो मला हौसेने एका ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेला. ड्रायव्हिंग रेंज म्हणजे गाडी शिकायची जागा नव्हे. एका जागी उभं राहून गोल्फचे चेंडू लांब मारायचा सराव जिथे करतात ते मैदान. तिथे दुसऱ्या मजल्यावरून चेंडू मारायची सोय होती. चेंडू चटईतून आपोआप वर येत होता, किती लांब गेला ते शेजारच्या पडद्यावर दिसत होतं आणि गुबगुबीत खुर्चीत बसून कॉफीही पिता येत होती. भाऊ कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काय केलं असेल? आधी चटईवर गुडघा टेकून ती दाबून पाहिली. मग पाणी पिऊन पाहिलं. मग संडास कुठे आहे ते विचारलं, जाऊन आले आणि म्हणाले, "सत्तर मार्क. आत पर्स अडकवायला खुंटी नाही."

"ताई, तू खेळायला आलीस की तपासायला?" भाऊ म्हणाला.

त्याला काय सांगणार! ही खोड माझी नाही. पेडगावच्या फाट्यावरच्या एका काकांनी ती मला लावली. काका जाऊन आता तीन वर्षं होतील. त्यांच्या रेंजवर हल्ली सोयाबीन असतं. पण कुठल्याही नव्या जागी गेले की माझा गुडघा आपोआप वाकतो, आणि वाकला की काकांची इतकी आठवण येते की तिथून लगेच उठावंसं वाटत नाही.

मी तेव्हा पेडगावच्या बाजूच्या एका खेड्यात शिक्षिका होते. राहायला परभणीत. शाळा सुटली की फाट्यावर येऊन बसची वाट बघायची. बस कधी येईल ते ड्रायव्हरला आणि देवाला ठाऊक. पुरुष मास्तर टपरीच्या मागे जाऊन येत. आम्ही बायका मात्र दुपारनंतर पाण्याचा घोटसुद्धा घेत नसू, कारण त्या उघड्या माळावर बाईमाणसाला आडोसा म्हणून नव्हता. एक दिवस माझी फारच अडचण झाली. फाट्यापासून शंभरेक पावलांवर पत्र्याची एक लांबट शेड होती. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर उसाचं पाचट अंथरलेलं आणि बाजूला चुना दिलेली एक पांढरीशुभ्र खोली. मी धीर केला आणि गेले.

शेडमध्ये साठीच्या पुढचा एक माणूस बाजेवर पांढरे चेंडू वाळत घालत होता. पापड घालतात तसे, एकाला दुसरा न लागू देता. इस्त्रीची पँट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पांढरी टोपी. आजूबाजूला तूर आणि कापूस. हा माणूस इथे चुकून आला असावा असं मला वाटलं. मी काही बोलायच्या आतच त्यांनी त्या पांढऱ्या खोलीकडे हात केला.

"जावा मॅडम. कडी आतनं हाय. साबण सकाळीच नवा काढलाय."

नळाला पाणी, कोरडी फरशी, आरसा, पर्स अडकवायला खुंटी, नवा साबण. सांगायला लाज वाटते, पण मला तिथे रडू आलं. बाहेर आले तर काका वही घेऊन उभे.

"आत काही कमी हाय का? सांगा, लिहून घेतो."

"काही कमी नाही. शंभर मार्क," मी मास्तरणीच्या सवयीने बोलून गेले.

ते नाराज झाले. "शंभर कुणाला देत जाऊ नका. माणूस बिघडतो."

हा माणूस तीस वर्षं हैदराबादच्या एका मोठ्या गोल्फ क्लबात नोकरीला होता. काम काय, तर रेंज मांडायची. पहाटे चटया झाडायच्या, चेंडू धुवायचे, बादल्या भरून ठेवायच्या, पाण्याची व्यवस्था बघायची. बायको तिकडेच वारली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर गावी आले आणि वाटणीच्या चार एकर मुरमाड रानात त्यांनी स्वतःची रेंज मांडली. परभणी जिल्ह्यात गोल्फ कोण खेळणार, असं त्यांना ज्याने त्याने विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "कोण येणार ते आपल्या हातात न्हाई. आलेल्याची सोय आपल्या हातात हाय."

आणि सोय म्हणजे सोय. चार चटया होत्या. प्रत्येकीखाली वाळू, वाळूवर ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, त्यावर काथ्या आणि सगळ्यात वर हैदराबादहून आणलेलं हिरवं कापड. कडक चटईवर चेंडू मारला की हिसका मनगटात जातो म्हणून इतका खटाटोप. रोज सकाळी चारी चटयांवर गुडघा टेकून ते रबर किती दबतं ते बघायचे. चेंडू ठेवायची नळी ठिबकच्या पाइपची, बरोबर चार उंचींत कापलेली. चेंडू रिठ्याच्या पाण्यात धुतलेले. माठावर ओलं फडकं आणि पेला पालथा. एकदा मी पेला उताणा ठेवला तर त्यांनी न बोलता उठून तो विसळला आणि पालथा घातला. आमच्या मुख्याध्यापकांची मला कधी एवढी भीती वाटली नाही.

जगातली कुठलीही जागा ते याच काट्याने मोजायचे. कामासाठी परगावी गेले आणि तिथे रेंज असली की फाटकावर जाऊन वॉचमनला म्हणायचे, "खेळायचं न्हाई, फक्त संडासला जाऊ द्या." संडासावरून रेंज कळते, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बसस्टँड, मंगल कार्यालयं, दवाखाने, सगळ्यांना मार्क. माझ्या लग्नाला आले तेव्हा आहेर देऊन थेट हात धुवायच्या नळापाशी गेले आणि परत येऊन माझ्या वडिलांच्या कानात म्हणाले, "जेवण फस्क्लास. पण साबण न्हाई. पस्तीस." वडिलांनी तेवढ्या गर्दीत माणूस पाठवून साबण आणवला.

मी आधी नुसती सोयीसाठी जायची. मग बसला वेळ असला की शेडमध्ये बसायची. एक दिवस काकांनी तीन नंबरच्या चटईवर चेंडूंची बादली ठेवली, माझ्या हातात गोल्फची काठी दिली आणि म्हणाले, "बसून काय करायलात? मारा की." मी साडीचा पदर खोचला आणि मारला. चेंडू जागेवरच राहिला, चटई मात्र चांगली हलली. सहा महिन्यांनी मी बऱ्यापैकी मारायला लागले. फक्त माझा चेंडू सरळ कधी गेला नाही. दर वेळी उजवीकडे वळायचा आणि शेजारच्या तुरीत शिरायचा. दिवसभर चाळीस पोरांना ओरडून आल्यावर तो ठक्क असा आवाज कानाला इतका गोड वाटायचा की बस चुकली तरी चालेल असं व्हायचं. माझ्या आयुष्यात कुणी माझ्यासाठी काही मांडून ठेवलंय आणि मी फक्त यायचंय, असं तेवढं एकच ठिकाण होतं. आईच्या घरीसुद्धा मी मोठी मुलगी होते.

काका हातात नुसती हवा धरून शिकवायचे. काठीला हात लावायचे तो पुसायला. मी कितीदा म्हटलं, "काका, एक मारून दाखवा ना."

"न्हाई. आमी मांडणारे, मॅडम. मारणारे वेगळे."

हैदराबादच्या क्लबात नोकरांनी काठी फिरवायची नाही असा दंडक होता. यांच्या जोडीच्या एकाने एका पहाटे, कुणी नाही बघून, एकच चेंडू मारला. दुपारपर्यंत त्याचा हिशेब होऊन नोकरी गेली होती. ही गोष्ट सांगताना काका त्या माणसाबद्दल हळहळायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "लय झ्याक गेला व्हता मात्र. एकशे साठ गज." तीस वर्षांनंतरही आकडा डोक्यात पक्का.

आकड्याच्या बाबतीत हा माणूस हट्टी होता. रेंजवर पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे गज अशा पाट्या असतात. क्लबातल्या पाट्या खोट्या होत्या म्हणे. दोनशेची पाटी खरी एकशे सत्तरवर रोवलेली, म्हणजे सभासद खूश. काकांनी ती पावलांनी मोजून काढली होती आणि ते शल्य त्यांना आयुष्यभर होतं. स्वतःच्या रेंजवर त्यांनी जमीन मोजायची साखळी आणून पाट्या रोवल्या. एकशे ऐंशीवर एक बाभूळ होती. तिच्या बुंध्यालाही चुन्याने आकडा घातला.

एकदा एक मोठे अधिकारी स्वतःच्या काठ्यांची पिशवी घेऊन गाडीतून आले. चटया आवडल्या, पाणी आवडलं. म्हणाले, दर शनिवारी चार मित्रांना आणतो. मग चेंडू मारला. तो दीडशेच्या पाटीच्याही अलीकडे पडला.

"तुमच्या पाट्या चुकल्यात. आमच्या क्लबात माझा चेंडू दोनशेच्या खाली जात नाही."

"तिथली पाटी तुमाला वळखत असंल साब," काका अदबीने म्हणाले. "माझी नवी हाय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मी काकांना डोळ्यांनी खुणावत होते, की मान डोलवा, काय जातंय? काकांनी आत जाऊन साखळी आणली आणि साहेबांपुढे धरली. "एक टोक तुमी धरा. बराबर मोजू." साहेबांनी पिशवी उचलली. साहेब गेले ते गेलेच, चार मित्रांसकट.

"काय मिळालं?" मी चिडून विचारलं.

"आवो, पाटीच खोटं बोलायली तर माणसानं मारायचं कशाला?"

अशाने गिऱ्हाईक टिकतं होय? परभणीचे एक दातांचे डॉक्टर महिनाभर आले. एक निवृत्त फौजी गुडघे धरेपर्यंत येत राहिले. मग उरले मी.

तशात कापसाची भानगड झाली. रेंजच्या डाव्या अंगाला काकांच्या धाकट्या भावाचा कापूस होता. भावाची बायको, तिला मी काकू म्हणायची, रोज रेंजवरचे चेंडू वेचायची. कापूस वेचतात तसेच, कमरेला ओटी बांधून, दोन्ही हातांनी भराभर. एकदा कापूस फुटला असताना डॉक्टरांनी मारलेले बरेच चेंडू त्यात जाऊन बसले. पांढऱ्यात पांढरं, दिसणार काय? वेचणाऱ्या बायकांनी सगळं ओटीत टाकलं, ओटीतलं गाठोड्यात, गाठोडी बाजारात. व्यापाऱ्याने कापसात हात घातला आणि एकेक करत अकरा चेंडू बाहेर काढले. वजन वाढवायला कापसात धोंडे भरले म्हणून भर बाजारात भावाची शोभा झाली. काकांनी प्रायश्चित्त म्हणून सगळ्या चेंडूंना तांबडा ऑइलपेंट दिला. तो वाळेना. चेंडू जिथे पडेल तिथली माती गोळा करून मुरमुऱ्याच्या लाडवासारखा परत यायचा. शेवटी आठ दिवस रॉकेलने पुसून काढले.

भाऊ मात्र शेडमध्ये येऊन माझ्यादेखत काकांना म्हणाला, "दादा, तुमाला न्हाई म्हणत न्हाई. कोन खेळायला येत असंल तवर ठिवा हे रान. ज्या साली कोनीच येनार न्हाई, त्या साली मी नांगर घालनार."

काकांनी मान हलवली. "बराबर हाय. एक जरी येत असंल तर ती रेंज. कोणीच न्हाई आलं तर ते रान." आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणजे ती रेंज त्या दिवसापासून माझ्या एकटीच्या पायावर उभी होती. मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

दुसऱ्या वर्षी माझी बदली चारठाण्याकडे झाली. निरोप घ्यायला गेले तर काका तीन नंबरची चटई पुसत होते.

"दर रविवारी येईन," मी म्हणाले.

"साडेचारला मांडून ठेवतो."

चार रविवार गेले. चारठाण्याहून जिंतूर, जिंतूरहून परभणी, परभणीहून फाटा, तीन गाड्या बदलून. पाचव्या रविवारी निवडणुकीचं काम लागलं. मग लग्न ठरलं. लग्नात साबणाचे मार्क देऊन झाल्यावर काका माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "रविवारी?" मी हातभर चुड्यानिशी म्हणाले, "येते ना काका." मग सासर, मग मुलगी. रविवार उजाडायचा, साडेचार वाजायचे, मी कपडे वाळत घालता घालता घड्याळाकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. अशी दोन वर्षं गेली. नांगर फिरला असेल हे मी मनाशी धरून चालले होते आणि फोन करून विचारायचीही मला हिंमत नव्हती.

मग परभणीत एक प्रशिक्षण लवकर सुटलं. सोमवार होता. मी कसलाही विचार न करता पेडगावच्या गाडीत बसले.

पाट्या जागेवर होत्या. मी फाट्यावर उभी राहून त्या पुन्हा पुन्हा मोजल्या. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे. बाभळीच्या बाजूने काकू चेंडूंनी भरलेली ओटी सांभाळत येत होती. मला बघून थांबली.

"आलात का? बरं झालं. पन काल कशाला आल्ता मंग?" असं म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मला काही कळेना.

"दादा आमच्या मालकाला दर सोमवारी सांगत्यात, काल म्याडम येऊन गेल्या म्हनून. मालक रविवारी बाजारला असत्यात. सोमवारी माझी ओटी भरल्याली दिसली की गप बसत्यात."

"अहो, मी दोन वर्षांत आले नाही."

"मला काय ठावं न्हाई व्हय? मी येचायलेय ना. तुमचे गोळे समदे उजव्या हाताला तुरीत पडायचे, काट्याकुट्यातनं हुडकू हुडकू माझी कंबर मोडायची. दोन वर्षं झाली, तुरीत एक बी गोळा न्हाई. समदे सरळ. काही तर बाभळीपल्याड."

मी बाभळीकडे पाहिलं. माझा चेंडू तिच्या सावलीतही कधी पोचला नव्हता.

"तुम्ही सांगितलं नाही भाऊंना?"

"कशाला? सारा जनम दुसऱ्याचं मांडन्यात गेला. आता म्हातारपनी खेळाया लागलाय मानूस, खेळू द्या की."

त्यानंतर वर्षभर मी जमतील तेवढे रविवार गेले. मुलीला घेऊन गेले. तिला काकांनी पेला पालथा ठेवायला शिकवलं. मग एका पौषात काका झोपेतच गेले. काकांचा भाऊ मला फोन करून म्हणाला, "नांगर घालू का?" मी हो म्हणाले. अजूनही नांगरताना एखादा चेंडू निघतो, काकू तो जपून ठेवते आणि परभणीला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. माझ्याकडे असे सात जमलेत. दारातून कुणी तसा चेंडू पुढे केला की मला त्या शेडमध्ये जाऊन एकदा, फक्त एकदा, गार पाणी प्यावंसं वाटतं.

पण त्या सोमवारी मी शेडमध्ये गेले तेव्हा काका बाजेवर चेंडू मांडत होते. वाकलेले, वाळलेले, टोपी तीच. त्यांच्या उजव्या तळहाताला, अंगठ्याच्या मुळाशी, नवा घट्टा पडलेला होता. तीन नंबरची चटई झाडून ठेवलेली होती.

"या," ते म्हणाले. "पाणी प्या आधी."

मी पाणी प्याले. पेला पालथा घातला.

"काका, मी आले नाही. दोन वर्षं."

"आल्ता की. दर रविवारी. भावाला इचारा."

"तुम्ही मारत होता."

"मी?" ते एकेक चेंडू उगाच फिरवून ठेवायला लागले. "आमी मांडणारे, मॅडम. मारणारे वेगळे."

त्यांचा आवाज इतका साधा होता की दुसऱ्या कुणाचा विश्वास बसला असता. पण या माणसाच्या हातात मी साखळी पाहिली होती. तो माझ्यासाठी भावाशी खोटं बोलला होता, पण आकड्याशी खोटं बोलणं त्याला जमणार नव्हतं.

"बरं. तुम्ही नाही मारले," मी म्हणाले. "पण ज्याने कुणी मारले, त्याचा सगळ्यात लांबचा किती गेला?"

काकांनी माठावरचं फडकं काढून पिळलं, परत घातलं. दोनशेच्या पाटीकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं. त्यांच्या ओठांशी काहीतरी येत होतं आणि ते ते गिळत होते. शेवटी राहवलंच नाही.

"एकशे नव्वद," ते म्हणाले. "पण वारं पाठीमागनं व्हतं. ते धरू नका."